निबंध कुणाला उद्देशून?

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनियरांना उडवलं. गाडी चालवणारा 17 वर्षांचा, बड्या बिल्डरचा मुलगा. बाल न्याय मंडळाच्या सदस्याने त्याला त्याच दिवशी जामीन दिला आणि अटी घातल्या: 15 दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम, दारूबद्दल समुपदेशन आणि अपघातांवर 300 शब्दांचा निबंध. बाकीच्या अटी कुणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत. निबंध मात्र देशभर गाजला.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर पुढचे काही दिवस दुसरा विषय नव्हता. निम्मे जण ‘सज्ञान धरून खटला चालवा’ म्हणत होते, निम्मे निबंधाचे विनोद पाठवत होते. मी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून एवढंच लिहिलं की मुलाला तुरुंगात न घालता जबाब विचारण्याच्या रीती इथे आहेत. लगेच उत्तर आलं, ‘तुमच्याकडे तर पोरांचे याहून लाड होतात. गाडीने दुकानं फोडतात आणि सॉरी म्हणून सुटतात.’

आता हे अगदीच खोटं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

2022 च्या सुमारास इथे रॅम-रेडची लाटच आली होती. चोरलेली गाडी रिव्हर्समध्ये दुकानाच्या दारावर घालायची, आत घुसून सिगारेटी आणि गल्ला उचलायचा आणि पसार व्हायचं. करणारे बहुतेक शाळकरी वयाचे. आणि ज्यांची दुकानं फुटत होती त्यांत आपले लोक कितीतरी, कारण इथल्या डेअऱ्या, म्हणजे कोपऱ्यावरची किराणा-कम-पेपरची दुकानं, मोठ्या प्रमाणावर गुजराती आणि पंजाबी कुटुंबं चालवतात. त्या नोव्हेंबरात ऑकलंडच्याच सँडरिंगहॅम भागात एका डेअरीत काम करणाऱ्या भारतीय तरुणाचा चोरीच्या वेळी भोसकून खून झाला. मारेकरी मुलगा नव्हता, मोठा माणूस होता, पण संताप सगळा एकत्रच उसळला. दुकानदार रस्त्यावर उतरले. सरकारने फॉग कॅननसाठी दर दुकानामागे 4000 डॉलर देऊ केले. बटण दाबलं की काही सेकंदांत दुकान पांढऱ्या धुराने भरतं आणि चोराला समोरचं काही दिसत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला नवसारीकडच्या एका काकांची डेअरी आहे. त्यांचंही दार असंच गेलं. पोरं सापडली, त्यातल्या एकाने कबूल केलं, आणि काकांना बोलावणं आलं ते फॅमिली ग्रुप कॉन्फरन्सचं. सोबत आधाराला कुणाला आणता येतं. काकी म्हणाल्या, त्या पोराचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. त्यांच्या जागी मी गेले. आत कोण काय बोललं ते छापायला इथे कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. रीत मात्र सांगता येते.

ही रीत 1989 च्या कायद्याने आली. त्याआधीची दोन-तीन दशकं इथे माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, मुलांना क्षुल्लक कारणांवरून घरातून उचलून सरकारी वसतिगृहांत टाकलं जायचं. 1986 मध्ये माओरी वडीलधाऱ्यांच्या समितीने सरकारपुढे अहवाल ठेवला. तुमची खाती आमच्या कुटुंबाला विचारतच नाहीत, असा त्याचा रोख होता. तीन वर्षांनी झालेल्या या कायद्याने ठरवलं की मुलाने गुन्हा केला तर निकालाआधी त्याचं कुटुंब, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस एका खोलीत बसतील. खून आणि मनुष्यवध यातून वगळलेले आहेत, ते वरच्या कोर्टात जातात.

खोलीत टेबल नसतं, खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. कुटुंब माओरी असेल तर सुरुवातीला प्रार्थना. मग पोलीस अधिकारी घटना वाचून दाखवतो आणि मुलाला सरळ विचारलं जातं, हे खरं आहे का? नाही म्हणाला तर बैठक तिथेच थांबते आणि प्रकरण पुराव्यावर चालण्यासाठी कोर्टात जातं. हो म्हणाला तर बोलण्याची पाळी येते ती नुकसान झालेल्याची. सगळ्यांचं बोलून झालं की कुटुंबाला एकटं सोडतात, अधिकारीसुद्धा बाहेर येतात. आपलं पोर काय करून भरपाई करणार याचा प्रस्ताव कुटुंबानेच आणायचा. तो सर्वांना मान्य व्हावा लागतो, दुकानदारालाही. मग न्यायाधीश तो तपासतो, पाळला जातोय का यावर नजर ठेवतो, आणि पुरा झाला तर मुलाची नोंद कोरी राहू शकते.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी काका दुकानात काय बोलायचं ते लिहीत होते. दूधवाल्याच्या बिलाच्या पाठीमागे, आधी गुजरातीत, मग इंग्रजीत. सिगारेटींचा आणि दाराचा हिशेब वर होता. मग तो खोडून त्यांनी लिहिलं की काकी आता संध्याकाळी एकटी गल्ल्यावर बसत नाही, जिन्यात आवाज झाला तरी उठते. मला विचारलं, हे सांगू का? हे पैशात मोजता येत नाही. मी म्हटलं, हेच सांगा. आपल्याकडच्या कुठल्या कोर्टात त्यांना हे सांगायला मिळालं असतं, असा विचार तेव्हा डोक्यात आला. साक्षीदाराला विचारतात गाडीचा रंग कोणता होता.

पुण्याच्या निबंधावर माझा खरा आक्षेप इथे आहे. शिक्षा हलकी होती हे लोकांना झोंबलं, मला वेगळंच खटकलं. तो निबंध कुणाला उद्देशून होता? मध्य प्रदेशातल्या ज्या दोन घरांतली पोरं गेली त्यांना तो वाचायचाही नव्हता. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. आरोपी मुलाचे आईबाप येतात, वकील येतो. मेलेल्याच्या आईबापांची खुर्ची त्या मांडणीत नाहीच. त्यामुळे सुधारणेच्या नावाखाली शेवटी शाळेतला गृहपाठ उरतो, आणि लोक मग सुधारणा या कल्पनेवरच थुंकतात.

तरी ग्रुपवरच्या मित्रांना एक मान्य करते. ही रीत उद्या जशीच्या तशी पुण्यात नेली तर मलाच भीती वाटेल. समोरासमोर बसवणं आपल्याला नवं नाही. 2007 मध्ये आर. आर. पाटलांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली तेव्हा गावोगाव समित्या बसल्या, बांधाची आणि भाऊबंदकीची कितीतरी भांडणं तिथे सुटली. त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण माझ्या आजोळच्या गावात एका ट्रॅक्टरखाली माणूस गेला, तेव्हा ते प्रकरण चावडीवर एका रात्रीत संपलं. पैसे ठरले, दिराने घेतले. विधवा त्या बैठकीला नव्हती. बसलेले सगळे पुरुष, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या शेतावर त्यातल्या निम्म्यांची रोजंदारी. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात समेटासाठी दलित कुटुंबावर कसा दबाव येतो ते गावात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आणि जातपंचायतींच्या ‘न्याया’ला आवर घालायला तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

म्हणजे खुर्च्या गोल मांडल्या की काम झालं असं नाही. इथली बैठक उभी आहे ती कबुलीवर, आणि कबुलीमागे पोलीस आणि कोर्ट उभं आहे म्हणून ती खरी असते. पुण्यात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. जिथे काय घडलं हेच विकत घेता येईल अशी लोकांना खात्री वाटते, तिथे मृतांच्या आईबापांना समोर बसा म्हणणं क्रूरपणा होईल. आधी नमुना शाबूत राहायला हवा.

आणि न्यूझीलंडलाही डोक्यावर घ्यायचं कारण नाही. माओरी लोकसंख्येच्या जेमतेम 17 टक्के आहेत आणि तुरुंगांत निम्म्याहून अधिक. आमची बैठकीची पद्धत घेतलीत, अधिकार मात्र तुमच्याच खात्याकडे ठेवलात, असं काही माओरी अभ्यासक स्वच्छ म्हणतात. कितीतरी दुकानदार बैठकीला येतच नाहीत. 2023 मध्ये कडक कायद्याच्या घोषणांवर सरकार निवडून आलं आणि 2024 च्या जुलैत पामर्स्टन नॉर्थमध्ये गुन्हेगार मुलांसाठी लष्करी थाटाचं शिबिर सुरू झालं. गंमत म्हणजे (गंमत कसली) त्याच महिन्यात सरकारी आणि चर्चच्या देखरेखीखालच्या मुलांच्या आणि परावलंबी प्रौढांच्या छळाचा चौकशी अहवाल संसदेत आला. 1950 ते 2019 या काळात जवळपास 2 लाख जणांचा छळ झाल्याचा त्यात अंदाज आहे. नोव्हेंबरात पंतप्रधानांनी संसदेत औपचारिक माफी मागितली. भरपाईचा वाद अजून मिटलेला नाही. दुसऱ्यांच्या पोरांकडून लगेच भरपाईचा प्रस्ताव मागणारं हे सरकार स्वतःच्या बाबतीत वर्षानुवर्षं घेतं.

काकांच्या प्रकरणात काय झालं म्हणाल, तर दाराचे पैसे हप्त्याने येत राहिले, मग मधेच बंद पडले. काका म्हणतात, अर्धे तरी आले, विम्यापेक्षा बरं. दारापुढे आता लोखंडी खांब आहेत. संध्याकाळी गल्ल्यावर काकी बसते की नाही ते मी विचारलेलं नाही.

ग्रुपवर शेवटी एका मैत्रिणीने विचारलं, तुझ्या लेकीला कुणी उडवलं असतं तर तू बसली असतीस का त्याच्यासमोर? नसते बसले. निदान पहिलं वर्षभर तरी नाही, पुढचं ठाऊक नाही. इथे मोठ्यांच्या गुन्ह्यांत, आरोपीने कबुली दिली की न्यायाधीशाला शिक्षेआधी खटला थांबवून अशी भेट शक्य आहे का याची चौकशी करायला लावावीच लागते. 2014 पासून तसा कायदाच आहे. मध्यस्थ आधी दोघांना वेगवेगळे भेटतात. मी नाही म्हटलं तर तिथेच विषय संपतो, माझ्या ‘नाही’बद्दल मला कुणी बोल लावत नाही आणि आरोपीला शिक्षा व्हायची ती होतेच. तिला मी लिहिलं की एवढं जरी आपल्याकडे आलं, मृताच्या घरी जाऊन कुणी अधिकृतपणे ‘तुम्हाला काय हवं आहे’ असं विचारलं, आणि ‘काही नको, फक्त खटला नीट चालवा’ हे उत्तरही कागदावर घेतलं, तरी मला पुरे. तिने अंगठा पाठवला. मग कुणीतरी आयपीएलचा स्कोअर टाकला.