थेकडीत म्हणे 'काहीच नाही'!

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. "थेकडीला जाऊ नका, पैसे पाण्यात. वाघ सोडा, हत्तीचं शेपूटही दिसलं नाही." खाली व्हिडिओ. भर अकराची बोट, अर्धी मंडळी कठड्याला उभी, कुणाच्या तरी मोबाईलवर ढणाढणा गाणं, मागे शेंगाचटणी-भाकरीचं वाटप. भाकरीचं माफ. बाकीचं नाही.

अहो, थेकडी म्हणजे केरळातलं पेरियारचं जंगल, ९२५ चौरस किलोमीटर. तळं त्यातलं फक्त २६. तुम्ही बोटीतून दीड तास फिरणार आणि वाघाने काठावर येऊन हजेरी द्यायची? तिकिटात वाघ धरलेला नसतो.

त्यात गेले कधी, तर दिवाळीत! तिकडे तेव्हा पाऊस असतो. रानात जागोजाग पाणी, मग हत्ती तळ्यावर कशाला येईल? मार्च-एप्रिलात आतले ओढे आटतात, तळं खाली जातं, उघड्या काठावर कोवळं गवत येतं, तेव्हा कळप उतरतात. म्हणजे सोलापुरात पारा बेचाळीसला टेकतो तेव्हा. साडेसातची पहिली बोट धरा, नाहीतर साडेतीनची शेवटची. मधल्या उन्हात जनावरं सावली सोडत नाहीत. मदुराईहून कुमळी, म्हणजे थेकडीला लागून असलेलं गाव, साधारण १४० किलोमीटर, शेवटी घाट. म्हणून मुक्काम आदल्या रात्रीच कुमळीत हवा. आपली गाडी धक्क्यापर्यंत सोडत नाहीत, गेटवरून वनखात्याची बस घ्यावी लागते. तो वेळ धरूनच उठा. टूरवाले मधलीच बोट गळ्यात मारतात, हे मान्य. पण विचारायला तोंड आहे ना?

आणि त्या व्हिडिओतली कठड्याची गर्दी! ३० सप्टेंबर २००९ ला याच तळ्यात बोट उलटून ४५ माणसं गेली. बोटीच्या रचनेतही दोष होते, खरं आहे. पण माणसं एका बाजूला झुकली, हेही कारण होतंच. लाइफ जॅकेट पट्टे सोडून फोटोसाठी खांद्यावर टाकायचं नसतं. हत्ती दिसला तरी जागेवर बसायचं. बोटवाला ओरडतो ते उगाच नाही.

जाऊ दे. व्हिडिओत मागे पाण्यातून वर आलेली काळी खोडं दिसतायत बघा. १८९५ ला मुल्लपेरियार धरण झालं, तेव्हा बुडालेल्या रानातली झाडं ती, अजून उभी आहेत. त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात, तिरंदाज पक्षी घरटी करतात. बोट अगदी जवळून जाते. यांच्या व्हिडिओत दोन पाणकावळे चक्क फ्रेममध्ये आहेत, आणि हे म्हणतात काहीच नाही!

ज्यांना खरंच रान बघायचंय त्यांनी बांबूच्या तराफ्याची दिवसभराची फेरी घ्यावी. बरंच चालावं लागतं, गुडघेदुखीवाल्यांनी हट्ट करू नये. पावसाळी दिवसांत जळवांचे मोजे घालाच. ते दाट कापडाचे असतात, पँटवरून गुडघ्यापर्यंत ओढून नाडी बांधायची. घरचे विणलेले मोजे चालत नाहीत, जळू त्यांच्या विणीतून आरामात आत शिरते.