यूव्ही टॉर्चला सल्फाइट दिसत नाही

बहिणीने काल जर्दाळूच्या पाकिटावर यूव्ही टॉर्च मारला. काही चमकलं नाही, म्हणून दम्याच्या भाच्याच्या हातावर दोन जर्दाळू ठेवले. इतके केशरी जर्दाळू बघून मी पाकीट उलटं केलं. मागे बारीक अक्षरात होतं: प्रिझर्व्हेटिव्ह २२०. म्हणजे सल्फर डायऑक्साइड, सल्फाइट गटातलंच! जर्दाळू काढून घेतले आणि तिला आलेला मेसेज वाचला: ‘शास्त्रज्ञांचा शोध! खाण्यावर यूव्ही टॉर्च मारा. चमकलं तर सल्फरचं विष, नाही चमकलं तर बिनधास्त खा. हे विष पेशींत साठतं, तिथेही चमकताना दिसलंय. कणभरही घातक. गरम पाण्याने धुतलं की सगळं जातं.’

‘नाही चमकलं तर बिनधास्त खा’ हे वाचून माझं डोकंच फिरलं. काही दमेकऱ्यांना सल्फाइटने धाप लागते, आणि नेमकं त्यांनाच हा मेसेज गाफील करतो.

शास्त्रज्ञांनी बनवलाय तो प्रोब, म्हणजे मुद्दाम घडवलेला रेणू. तो नमुन्याच्या अर्कात मिसळावा लागतो. बऱ्याच प्रोबमध्ये बायसल्फाइट (सल्फाइटचंच एक रूप) कार्बनच्या दुहेरी बंधावर जाऊन चिकटतं आणि चमकेचा रंग बदलतो, उदाहरणार्थ लालचा निळा. चमकतो तो प्रोब, सल्फाइट नव्हे. काही प्रोब तर सल्फाइट भेटलं की विझतात! प्रोब न घालता टॉर्च मारलात तर हरितद्रव्य लाल दिसेल, टॉनिक वॉटरमधलं क्विनीन निळं, रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व हिरवट-पिवळं. यातलं विष कुठलं? सल्फर डायऑक्साइड वायू स्वतः चमकतो हे खरं, हवा तपासणारी काही यंत्रं त्यावरच चालतात. पण त्याला साधारण २०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश लागतो. हातातल्या टॉर्चचा असतो ३६५ किंवा ३९५.

पेशींचं म्हणाल, तर सिस्टीन या अमिनो आम्लापासून आपलं शरीरच सल्फाइट बनवतं, आणि पेशीतल्या मायटोकाँड्रियात असलेलं सल्फाइट ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) त्याचं सल्फेट करून टाकतं. ते सल्फेट लघवीवाटे जातं. प्रयोगात पेशी चमकतात त्या बहुतेक वेळा बशीत वरून सल्फाइट घातल्यावर. खाण्यातून साठल्याचा तो पुरावा नव्हे.

कणभरही घातक? नाही. एक मात्र कबूल करावं लागेल: युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वजनाच्या किलोमागे रोज ०.७ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा मागे घेतली आणि जास्त सल्फाइट खाणाऱ्यांबाबत काळजी व्यक्त केली. काळजी आहे, पण ती मात्रेची.

धुण्याने थोडं जातं, साखरेसारख्या घटकांना बांधलेलं मागे राहतं. दमेकऱ्यासाठी हा उपाय नव्हेच.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार अन्नात सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ते लेबलवर सांगावं लागतं. तो मेसेज बहिणीच्या फोनमधून काढला आणि तिथे लिहून ठेवलं: २२० ते २२८ हे सल्फाइटचे आकडे, यातला एकही दिसला तर भाच्याला द्यायचं नाही.