रेसिडेंटने पेशंट बघावेत की पेपर लिहावेत? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. संसर्गजन्य आजारांवर संशोधन करणारे फिजिशियन मुद्दाम घडवावे लागतात, त्यासाठी एमडीनंतर दोन-तीन वर्षं पगारी वेळ द्यावा लागतो, असं मी लिहिलं होतं. ऐरोलीत आयुष्यभर प्रॅक्टिस केलेल्या तुमचे त्यावर तीन आक्षेप आहेत. पावसाळ्यात वॉर्डात जमिनीवर गाद्या पडतात, तेव्हा डॉक्टर प्रयोगशाळेत कशाला? एमडीचा थिसिस, म्हणजे प्रबंध, हा नुसता कॉपी-पेस्ट. आणि महाडमध्ये पेशंट बघता बघता विंचूदंशावर संशोधन करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांना कुठली फेलोशिप होती?

शेवटचा आक्षेप सगळ्यात अवघड, म्हणून तो आधी घेतो. विंचूदंशावर बावस्करांनी जे केलं त्याला तोड नाही. पण तिथे विंचू चावलाय हे घरचेच सांगतात, फुप्फुसात पाणी भरतंय हे स्टेथोस्कोपला कळतं आणि प्राझोसिन हे औषध लागू पडलं की नाही ते दुसऱ्या दिवसापर्यंत दिसतं. तापाचं तसं नाही. जुलैत दिघ्याहून एकजण येतो. डोळे लाल, पोटऱ्या ठणकतायत, प्लेटलेट्स खाली. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू की स्क्रब टायफस? पहिल्या काही दिवसांत आयजीएम ही रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. लेप्टोची खात्री करायची तर दोनेक आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन अँटिबॉडी चौपट वाढल्या का ते पाहावं लागतं. तोवर पेशंट बरा होऊन कामावर गेलेला असतो. त्याला शोधून परत आणणार कोण? ड्युटीवरचा रेसिडेंट, म्हणजे एमडी शिकता शिकता वॉर्ड सांभाळणारा डॉक्टर? त्याला जेवायला फुरसत नाही.

आता लेप्टो होऊ नये म्हणून आपण दोघंही दर पावसाळ्यात लिहून देतो त्या डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचं बघा. गुडघाभर पाण्यातून आलात, २०० मिलिग्रॅम घ्या. याचा नेहमी दिला जाणारा आधार म्हणजे १९८४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला गेलेले ९४० अमेरिकन सैनिक, निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. औषध घेतलेल्यांपैकी १ जण लेप्टोने आजारी पडला, दुसऱ्या गटात २०. तरुण, धडधाकट, हुकुमाने गोळी गिळणारी माणसं! पुढे अंदमानात आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संशोधकांनी तोच साप्ताहिक डोस स्थानिक लोकांना देऊन पाहिला, तर संसर्ग काही थांबला नाही, प्रत्यक्ष आजार मात्र कमी झाला. दोन्हीकडे गोळी दर आठवड्याला होती. आपण मात्र एकदा भिजलेल्याला बहुधा एकच डोस देतो. कळव्यातल्या पन्नाशीच्या, मधुमेही, रोज नाल्याकाठून जाणाऱ्या माणसाला तो पुरेल का? हा प्रश्न त्याला तपासणाऱ्यालाच पडतो. उत्तर काढायचं तर मात्र एथिक्स कमिटीची परवानगी, संख्याशास्त्र, नमुने ठेवायला उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि हातात रिकामी दुपार लागते. पीएचडी केलेले सहकारी यातलं बरंच सांभाळतील, पण तो पेशंट त्यांच्यासमोर बसलेलाच नसतो.

आता तुमचा पहिला आक्षेप, साथीच्या ऐन धामधुमीत संशोधन ही चैन. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्याचं मिश्रण पिंपांत भरून नातेवाइकांकरवी पाजलं. ३० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. पण हे त्यांना आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. त्याआधी काही वर्षं ते कोलकात्यात जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्रात याच उपचारावर काम करत होते. ते प्रशिक्षण नसतं, तर तेही सलाइनची वाट बघत बसले असते.

थिसिसबद्दल वाद नाही. ड्युट्या सांभाळून, गाइडच्या सोयीने, परीक्षा तोंडावर असताना आणखी काय होणार? म्हणून तर संशोधनाचं शिक्षण तिथेच संपू नये, असं म्हणतो. अमेरिकेत एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची के-२३ ही ग्रँट मिळालेल्या डॉक्टरचा ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवावाच लागतो. आपल्याकडे २००८ पासून इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या, पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांसाठीच्या क्लिनिकल फेलोशिप आहेत, पण अगदी मोजक्या. एमडीनंतरची डीएम ही पदवी करून बाहेर पडेपर्यंत पोरगा तिशीत जातो, घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता सुरू झालेला असतो आणि कॉर्पोरेट हॉस्पिटलची ऑफर हातात असते. त्याने ती घेतली तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

वॉर्डातला एकही रेसिडेंट कमी करा असं मी म्हणत नाही. एमडी झालेला वेगळा माणूस पालिकेच्या पगारावर नेमा. सकाळी राऊंड, दुपारी त्याचं काम. नमुने तपासायला चिंचपोकळीचं कस्तुरबा हे संसर्गजन्य आजारांचं हॉस्पिटल आहे, लोकलने तासाभरात पोचतात.

तुम्ही मात्र एक सांगा, तुमच्याकडचे तापाचे पेशंट दुसऱ्या नमुन्यासाठी अशा नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवाल ना? हॉस्पिटलच्या फोनवर कुणी परत येत नाही, फॅमिली डॉक्टरने सांगितलं तरच येतात.