‘बार्ना-फार्ना’ लिहिणाऱ्या वाचकास

टेबल टेनिसच्या दहा महान खेळाडूंची माझी यादी बहुतेकांनी गोड मानून घेतली. ‘टॉपस्पिन’ या नावानं लिहिणाऱ्या एका नागपूरकर वाचकानं मात्र खाली जे लिहिलं, ते मी आधी जसंच्या तसं देतो. मागाहून कोणी म्हणायला नको की काकांनी शब्द फिरवले.

“काका, यादी वाचून हसू आवरून नाही राहिलं. बार्ना-फार्ना, बर्गमन वगैरे आज आमच्या क्लबातल्या अंडर-फिफ्टीनच्या पोराकडून ११-२ नं हरतील. तेव्हा खेळणारे देश तरी किती होते? मा लाँगकडे ऑलिम्पिकची ६ सुवर्णं अन् तो चौथा, वॉल्डनरकडे एक अन् तो पहिला? डेंग यापिंग नववी! भारतीय एकही नाही. ही सगळी माहिती गूगलवर पडली आहे. तुम्ही स्वतः कधी बॅट धरली होती का?”

‘काका’ला माझी हरकत नाही. धरमपेठेत भाजी घ्यायला निघालो तरी चौघं काकाच म्हणतात. हसू आलं त्यालाही हरकत नाही, तब्येतीला बरं असतं. पण ‘बार्ना-फार्ना’? चहा-बिहा, पोहे-बिहे ठीक आहे हो. ज्या माणसाच्या नावावर जागतिक स्पर्धेतली २२ सुवर्णं आहेत, त्याला शेपूट लावून वाऱ्यावर सोडून द्यायचं, आणि तेही स्वतःचं नाव न लिहिता! मी माझ्या नावानं लिहितो, फोटोही माझाच असतो, कल्ल्यांवरच्या पांढऱ्या केसांसकट. तुम्ही टोपणनावाआड बसून स्मॅश मारणार आणि परतीचा चेंडू आला की टेबल सोडून पळणार. असो. टोपणनाव घेणं हा तुमचा हक्क आहे, आणि मी सभ्यपणे बोलायचं ठरवलं आहे.

आता ११-२ बद्दल.

हंगेरीच्या व्हिक्टर बार्नानं जागतिक एकेरी पाच वेळा जिंकली, १९३० ला आणि मग १९३२ ते १९३५ सलग. १९३५ मध्येच मोटार अपघातात त्याचा उजवा हात मोडला, खेळायचा तोच हात. एकेरी त्याला पुन्हा जिंकता आली नाही, पण १९३९ ला कैरोत त्यानं दुहेरीचं सुवर्ण घेतलं. जोडीदार कोण होता माहीत आहे? रिचर्ड बर्गमन. तुमचं ‘वगैरे’ लागलं आहे ते ज्याच्या नावाला, तोच. ऑस्ट्रियाकडून खेळताना तो १९३७ ला कोवळ्या वयात विश्वविजेता झाला. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर तो इंग्लंडला गेला आणि १९३९, १९४८ व १९५० ला पुन्हा जिंकला. मध्ये अख्खं महायुद्ध गेलं. टेबलापासून लांब उभं राहून समोरच्याचा प्रत्येक फटका चॉप करून, म्हणजे खालून कापून, परत टाकायचा, ही त्याची रीत. त्या काळात सबुरी काय चीज होती ते बघायचं असेल तर १९३६ ची प्रागची जागतिक स्पर्धा बघा. एर्लिख आणि पानेथ यांच्या सामन्यातला पहिलाच पॉईंट दोन तासांहून जास्त चालला. पुढे जाळी खाली आणावी लागली, वेळेचे नियम करावे लागले. तुमच्या अंडर-फिफ्टीनच्या पोराला दोन तास उभं तरी ठेवून दाखवा.

तुमचा मुद्दा वेग आणि फिरकीचा आहे, हे मला कळतं. पण ती फिरकी कोणाची? पोराची किती आणि हजारो रुपयांच्या रबराची किती? बार्नाच्या बॅटवर रबराखाली स्पाँजचा थर नव्हताच. लाकडावर थेट दाणेदार रबर, बस. तरी मनगटाच्या एका झटक्यानं तो बॅकहँड असा मारायचा की त्या फटक्याला त्याचंच नाव पडलं.

आपल्या नागपुरातच जन्मलेल्या सी. के. नायडूंचं उदाहरण घ्या. १९२६ ला मुंबईत एमसीसीविरुद्ध त्यांनी १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार होते. बिनहेल्मेटचे, तेव्हाच्या पातळ बॅटनं मारलेले. उद्या कोणी म्हणालं, ‘नायडू-फायडू बुमराहपुढे एक ओव्हर टिकणार नाहीत’, तर तुम्ही हसाल की त्याला सीताबर्डीच्या चौकात गाठून दोन शब्द सुनावाल? मी तरी सुनावीन.

हा प्रयोग मी करून पाहिला आहे, गूगलवर नव्हे, आमच्या हॉलमध्ये. मे महिना होता. नागपुरातल्या हॉलचा मे तुम्हाला माहीत असेल, खरंच खेळत असाल तर. चेंडू वाऱ्यानं वाहवतो म्हणून कूलर बंद करावा लागतो आणि मग दर दोन पॉईंटांनी बॅटची मूठ दुपट्ट्याला पुसावी लागते. जिल्हा पातळीवर खेळणारं एक चुणचुणीत पोरगं होतं. मी त्याच्या हाती माझ्या मोठ्या भावाची जुनी हार्डबॅट, म्हणजे बार्नाच्या तऱ्हेची बॅट, दिली आणि स्वतः तशीच दुसरी घेतली. पहिला चेंडू आला. पोरानं झोकात खालून वर लूप मारला आणि चेंडू सरळ जाळीत. दुसराही जाळीत. तिसऱ्याला त्यानं बॅट उलटीपालटी करून पाहिली, दाण्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘काका, ह्याच्यात स्पाँजच नाही का?’ नाही बेटा, नाही. त्या बॅटवर चेंडू घासून उचलता येत नाही, तो मारावा लागतो, अंतर मोजून आणि पाय हलवून. ते पोरगं मेहनती आहे, पुढच्या आठवड्यात बरंच सावरलं. त्या दिवशीचा स्कोअर मी सांगत नाही. त्याचा मान राखतो. तुम्ही बार्नाचा राखला नाहीत.

बॅट बदलली की काय होतं, याचा सगळ्यात मोठा दाखला तर आपल्याच राज्यात घडला. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, आशियातली पहिलीच. जपानचा हिरोजी साटो जाड स्पाँजची बॅट घेऊन आला. तोवर खेळाडू अर्धा खेळ कानानं खेळायचे. टॉक आवाज आला की समोरच्यानं किती जोरात मारलं ते कळायचं. साटोच्या बॅटला आवाजच नव्हता. अमेरिकेचा मार्टी रीझमन त्याच्यापुढे गडबडला, आणि अंतिम सामन्यात हंगेरीचा कोचियान हरला. साटो विश्वविजेता झाला आणि एकेरीचा तो किताब त्याला पुन्हा कधी मिळाला नाही. १९५९ ला स्पाँज आणि रबर मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या वर नको असा नियम आला. म्हणून साटो माझ्या यादीत नाही आणि बार्ना आहे. जपानचाच ओगिमुराही आहे, कारण स्पाँज सगळ्यांच्या हाती आल्यावरही १९५४ आणि १९५६ ला तो जिंकला. सगळ्यांच्या हाती सारखी बॅट असताना जो जिंकला तो मोठा, यादीमागचं माझं गणित एवढंच आहे. ते मूळ लेखात लिहिलंही होतं, पण नावांवरून नुसतं बोट फिरवणाऱ्याला ते दिसणार कसं?

‘कधी बॅट धरली होती का’ याचं उत्तर. धरली होती. आंतरमहाविद्यालयीन खेळलो, विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत गेलो. तिथे काय झालं तो वेगळा विषय आहे. निवड समितीत बसलेल्यांना खेळापेक्षा ओळखी जास्त कळत होत्या, एवढंच म्हणतो. आणि १९८७ ला दिल्लीत जागतिक स्पर्धा झाली तेव्हा जीटी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात दारापाशी बसून गेलो होतो. माझ्या यादीतला पहिला, स्वीडनचा वॉल्डनर, तिथे मी डोळ्यांनी पाहिला. तळहातावरचा चेंडू वर जायचा, हात तोच, खांदा तोच, नजर तीच; पण एक सर्व्हिस खालून कापलेली असायची आणि दुसरी बिनफिरकीची. दोन्हींत फरक दिसायचा तो चेंडू पलीकडच्या बॅटवर आदळल्यावर. घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्याहून उशिरा दिसायचा. अंतिम सामना तो चीनच्या च्यांग च्यालियांगकडून हरला. गॅलरीत मात्र सर्व्हिस त्याच्याच चर्चेत होत्या. १९८९ ला तो जिंकला, १९९२ ला ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं आणि १९९७ ला एकही गेम न गमावता पुन्हा विश्वविजेता झाला. मग चेंडू ३८ चा ४० मिलिमीटर झाला, २१ चा गेम ११ चा झाला, सर्व्हिस लपवायला बंदी आली, म्हणजे त्याचं अर्धं हत्यारच काढून घेतलं. तरी २००४ ला अथेन्समध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यानं चीनचा मा लिन आणि जर्मनीचा टिमो बोल या दोघांना घरी पाठवलं. पदक मिळालं नाही, चौथा आला. हे गूगलवर असेल. जनरल डब्यातला तो प्रवास तिथे नाही.

बाकी मुद्दे. चीनची डेंग यापिंग नववी ठेवली ते जरा खाली झालं, मान्य. १९९२ आणि १९९६ अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये एकेरी आणि दुहेरीची सुवर्णं घेणारी बाई सहावी चालेल. बघा, मी हट्टी नाही. भारतीय का नाहीत? शरथ कमलचे १० राष्ट्रीय किताब, २००६ आणि २०२२ ची राष्ट्रकुल एकेरीची सुवर्णं मला पाठ आहेत. पण यादी जगाची होती, अभिमानाची नाही. देश किती खेळायचे हा लांबचा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

चीनच्या मा लाँगची ६ सुवर्णं मलाही मोजता येतात. त्यातली चार सांघिक आहेत, हे तुम्ही सोयीनं गाळलंत. एकेरीची दोन उरतात, तीन जागतिक किताब उरतात. ते कमी आहेत असं मी कुठे म्हटलं? त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहायचा विचार आहे, तेव्हा सविस्तर बोलू, जमल्यास तुमच्या खऱ्या नावानं. तोवर तो चौथाच.