सारण उरलंय

डंपलिंग घरी करायला निघालेल्या माणसाला घरातलं कोणी अडवत नाही, खरी अडचण तिथेच आहे. रविवारी सकाळी मी घोषणा केली, "आज वाफवलेली पोर्क डंपलिंग!" बायकोने पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "आणि ओटा कोण आवरणार?"

"मी." एका अक्षराचं उत्तर.

वाफवायच्या डंपलिंगची कणीक उकळत्या पाण्यात भिजवतात. त्याने मैद्यातला स्टार्च फुगतो, ग्लुटेनचा ताठा उतरतो आणि पारी मऊ राहते. 300 ग्रॅम मैद्याला 170 मिली पाणी. हे पाणी चॉपस्टिकने ढवळायचं असतं, हे मला बोट भाजल्यावर कळलं.

मग अर्धा किलो खिमा. त्यात आलं, पातीचा कांदा, सोया सॉस, तिळाचं तेल आणि मीठ लावून पिळलेला चायनीज कोबी. पिळण्याआधी तो पातेलंभर होता, नंतर मूठभर उरला. हे सगळं एकाच दिशेने ढवळायचं, म्हणजे मिश्रण चिकट होऊन धरून राहतं. मी निष्ठेने ढवळत होतो. मध्येच फोन वाजला, चमचा डाव्या हातात गेला आणि कधी उलटा फिरायला लागला ते मलाही समजलं नाही.

पण खरी परीक्षा लाटण्यात. पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ हवी, कारण कडा चुण्यांमध्ये एकावर एक येतात. उजव्या हाताने लाटणं मागेपुढे करायचं, त्याच वेळी डाव्याने पारी फिरवायची. जाणकार हे गप्पा मारत करतात. माझ्या दोन हातांची मात्र आजवर नीट ओळखच झाली नव्हती, असं दिसलं. पाऱ्या मध्ये पातळ, कडेला जाड झाल्या. काही तर चक्क चौकोनी.

शांघायच्या श्याओलोंगबाओला, म्हणजे तिथल्या वाफवलेल्या डंपलिंगला, 18 चुण्या आदर्श मानतात. मी सातवर अडकलो. आठवी घालायला जावं, तर पहिली आ वासायची. सारण जास्त झालं की पोट फुटायचं, म्हणून मी सारण कमी करत गेलो. (ह्या काटकसरीचा हिशेब पुढे येतो.) चीनमध्ये एक दंतकथा सांगतात. हान राजवटीच्या काळातल्या चांग चोंगचिंग नावाच्या वैद्याने थंडीने कान गारठलेल्या गरिबांसाठी कानाच्या आकाराची डंपलिंग केली म्हणे. माझीही कानासारखीच झाली, फक्त कोणीतरी पिरगाळलेल्या.

"बाबा, हे झोपलंय का?" मुलीने एकाकडे बोट दाखवलं. ते एकटंच नव्हतं. अर्धी पलटण आडवी होती.

बांबूच्या स्टीमरमध्ये तळाला कोबीचं पान घालायचं असतं. कोबी तर मी सगळा चिरून, पिळून बसलो होतो. दहा मिनिटांनी झाकण काढलं, वाफेत चष्मा आंधळा झाला. चाचपडत पहिलं डंपलिंग उचललं, तर वरचा भाग हातात आला आणि बूड सारणासकट बांबूला घट्ट. दुसऱ्याचंही तेच. शेवटी आम्ही स्टीमर टेबलावर ठेवला आणि चमच्याने खरवडून, काळं व्हिनेगर आणि आल्याच्या काड्या घालून खाल्लं. चव उत्तम होती, हे मी स्वतःच तीनदा बोलून दाखवलं.

पाऱ्या संपल्या होत्या. सारण मात्र निम्मं शिल्लक. टाकवेना, म्हणून पुन्हा मैदा भिजवला. ह्या वेळी चुण्या नऊपर्यंत गेल्या, हात सैल झाला, मी उदारपणे सारण भरत सुटलो. ते संपलं, तेव्हा परातीत कणकेचा हा एवढा गोळा उरला होता.

बायको पिशवी घेऊन दारात उभी होती. "खिमा किती आणू?"

मी ओट्याकडे बघितलं. ओटा दिसत नव्हता.