पिग्मी हॉग नामशेष झालेला नाही

'जगातलं सर्वात छोटं रानडुक्कर कधीच नामशेष झालं, तरी त्याच्या नावावर संस्था वर्षानुवर्षं देणग्या उकळतात,' असा मेसेज सध्या फिरतोय. मीही तो दोन ग्रुपवर पाठवला होता. तो चुकीचा आहे.

हे रानडुक्कर म्हणजे पिग्मी हॉग. तो संपला असं एकेकाळी मानलं जायचं, हे खरं. पण 1971 मध्ये तो आसामात पुन्हा सापडला. 1996 मध्ये तिथल्याच मानस राष्ट्रीय उद्यानातून फक्त सहा प्राणी पकडून गुवाहाटीजवळ बसिष्ठला त्यांचं प्रजनन सुरू झालं. जर्सी बेटावरची ड्यूरेल ही वन्यजीव संस्था, आसामचा वनविभाग आणि स्थानिक संस्था मिळून हे काम करतात. 2008 मध्ये आसामातल्याच सोनाई रुपाई अभयारण्यात पहिले 16 प्राणी सोडले, पुढे ओरांग, बरनदी आणि मानसच्या जंगलांमध्येही. आजवर शंभराहून जास्त सोडले गेलेत. हे सगळं प्रकल्पाच्या अहवालांत आहे. मी ते आधीच वाचायला हवे होते.

मग इतकी वर्षं पैसा कशाला? पिंजऱ्यात वाढलेला प्राणी थेट रानात टिकत नाही. आधी त्याला महिनोन्‌महिने उंच गवत असलेल्या, कुंपण घातलेल्या जागेत ठेवतात. तिथे तो स्वतः गवत तोडून, रचून घरटं बांधतो. जेमतेम पंचवीस सेंटीमीटर उंचीचा हा जीव त्या गवताशिवाय जगूच शकत नाही, आणि ते गवत वणवे, गुरचराईपासून दरवर्षी राखावं लागतं. अशा कामाला एका वर्षाची देणगी पुरत नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा पाठवा. मीही त्या दोन्ही ग्रुपवर तो टाकलाय.