लक्षण कसलं, काहीच नव्हतं!

‘लक्षणं दिसताच डोळे तपासा’ हे काचबिंदूवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. मला काचबिंदूचं एकही लक्षण नव्हतं. चाळिशीचा चष्मा बदलायला गेलो आणि डोळ्याचा दाब २८ निघाला. साधारण २१च्या आत हवा. फील्ड टेस्टमध्ये (म्हणजे नजर कडेला कुठवर पोचते ते बघणारी तपासणी) डाव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेलेलीच होती. घरच्यांना वाटलं, मोतीबिंदूसारखं ऑपरेशन केलं की झालं. पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे आईला सांगताना माझाच आवाज बसला.

पहिले दोन महिने रोज एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघायचो. (वेडेपणाच, आधी जाते ती कडेची नजर!) आता रात्री नऊला थेंब, मग डोळ्याचा नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दाब १६वर आलाय. सख्ख्या भावंडांनाही धोका जास्त, म्हणून ताईला ओढूनच तपासणीला नेलं.